लांबडे काकांची चार शहाणी चाकं

गाडीवाल्या काकांबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं ते मला माहितीये. हाताला ग्रीस, खांद्यावर मळका फडका, तोंडात बिडी, नुसत्या आवाजावरून इंजिनाचा आजार ओळखणारा कुणीतरी अवलिया. शेवटी तो जाणार, मी रडणार आणि तुम्ही रुमाल काढणार. सॉरी हं. आमचे काका विमा कंपनीत अधिकारी होते, हातरुमालाला इस्त्री करायचे, आणि गाडीचं बॉनेट कुठून उघडतात हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटपर्यंत म्हणजे, आहेत अजून. आज सकाळीच फोन होता. तेव्हा रुमाल ठेवा खिशात.

त्यांचं खरं आडनाव सांगत नाही. मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांना लांबडे काका म्हणायची. काका स्वतः उंचीला एवढे बेताचे, की लिफ्टमध्ये गर्दी झाली तर त्यांना कुणीतरी हमखास विचारायचं, बेटा कितवा मजला. लांबडी होती ती त्यांची गाडी. पुढून बघाल तर कपाळाला आठ्या घातलेली, जमिनीला चिकटून पळणारी स्पोर्टी गाडी. बघत बघत मागे जाल तर संपतच नाही. डिकीच्या जागी अख्खी खोली. हिला म्हणतात स्टेशन वॅगन. आपल्याकडे हिला कोण घेतो? आपल्याला गाडी उंच लागते, म्हणजे पाण्यातून जाता येतं आणि शेजाऱ्याकडे वरून बघता येतं. काकांनी मात्र रिटायर झाल्यावर, कुणाला न विचारता, ही सेकंडहँड लांबडी आणून उभी केली आणि बिल्डिंगमध्ये चर्चेला कायमचा विषय मिळाला.

पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ गंभीर चेहरा करून आले. आमच्या आजोबांचं काही खरं नाही, रात्री-अपरात्री फोन केला तर चालेल ना, आणि रेट काय. त्यांना वाटलं, काकांनी शववाहिकेचा साइड बिझनेस काढला. दुसरा कुणी असता तर भडकला असता. काकांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "आजोबांना आधी पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारू. घाबरून बरे होतील." सेक्रेटरीची तक्रार वेगळीच होती. गाडी पिवळ्या पट्ट्यांच्या चौकोनात मावत नव्हती, शेपूट बाहेर राहायचं. नोटीस आली. काकांनी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा लाल हातरुमाल मागच्या वायपरला बांधला. लोखंडी सळ्या नेणाऱ्या टेम्पोला मागे फडकं बांधतात ना, तस्सा. सेक्रेटरी म्हणाला, ही काय मस्करी आहे. काका म्हणाले, नियम आहे, बाहेर आलेल्या मालाला लाल फडकं लागतं. तो रुमाल ते दर सोमवारी बदलायचे.

मी कोण? मी राजापूरचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून पूर्ण शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली होती, तोच मी. पुढे मुंबईला आलो, अंधेरीला कार्टूनला आवाज देण्याचं काम मिळालं, आणि लांबडे काकांच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहायला लागलो. कार्टूनमध्ये मी मुख्यतः बदक असायचो. कधी प्रमोशन मिळालं तर रागावलेलं बदक. गावी आई विचारायची, नक्की काय करतोस रे तिकडे, आणि मी विषय बदलायचो. काकांनी मात्र मला पहिल्या दिवसापासून "कलाकार" म्हणायला सुरुवात केली. ते चेष्टेत म्हणत असतील असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. ते चेष्टेत म्हणत नव्हते.

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं. गाडीची चारही चाकं ओढतात, म्हणजे नक्की काय होतं, असं कुणी विचारलं की ते चष्मा सावरायचे. म्हणायचे, "बाकीच्या गाड्यांत दोन चाकं काम करतात, दोन नुसती बरोबर फिरतात. आमच्या ऑफिससारखं. हिच्यात चौघं शहाणे आहेत. एकाचा पाय घसरला की उरलेले तिघं काही न बोलता त्याचा भार उचलतात." हे ते गॅस सिलिंडर देणाऱ्याला सांगायचे, जावयाला सांगायचे, सोसायटीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा सांगून मोकळे झाले होते. काकू आतून म्हणाल्या होत्या, "आणि पाचवा शहाणा चालवतो."

काकू म्हणजे बालवाडीच्या बाई. अर्धं मुलुंड त्यांच्या हाताखाली ग म भ न गिरवून गेलेलं. आवाज कधी चढवत नाहीत. तुम्हाला उभं करतात, तुमच्याकडे बघतात आणि तुमच्याच चुका तुम्हाला एक-एक करून, सावकाश, सोप्या शब्दांत समजावून सांगतात. त्यापेक्षा थोबाडीत परवडली. मी त्यांची नक्कल फार झकास करायचो, पण ती फक्त गाडीत, काच वर करून.

गाडीत, कारण रविवारी सकाळी काका मला फिरायला न्यायचे. नाहूरवरून निघायचं, ईस्टर्न एक्सप्रेसला लागायचं, घाटकोपरला इडली आणि परत. कधी मूड असला तर पुढे देवनारपर्यंत. आम्ही पहिल्यांदा निघालो तेव्हाच काका म्हणाले, कलाकार, गप्प बसू नकोस, कॉमेंट्री कर. कसली? रस्त्याची. जे दिसतंय ते सांग, वेगवेगळ्या आवाजांत. आता माझ्यासारख्याला असं सांगणं म्हणजे माकडाला नारळाची बाग. मी सुरू झालो. बातम्या देणाऱ्या बाई: "ठळक घडामोडी. डावीकडून एक रिक्षा आगेकूच करत असून चालकाचं लक्ष मोबाइलकडे असल्याचं वृत्त आहे." मग लग्नातले भटजी: "उजवीकडून डंपर येती, त्यांना आधी मान द्यावा, सावधान." मग आमचे हेडमास्तर: "तो पांढऱ्या शर्टातला मध्येच रस्ता ओलांडतोय, त्याचे पालक कोण?" काका खूश. हळू व्हायचे, थांबायचे, वाट द्यायचे, जोरात हसायचे. मला वाटायचं, काय प्रेक्षक आहे यार. अंधेरीच्या स्टुडिओत माझ्या बदकाला कुणी ढुंकून विचारत नाही, आणि इथे हा माणूस माझ्या प्रत्येक वाक्याला दाद देतोय.

दाद नव्हती ती. म्हणजे दादही होती, पण पुढच्याच महिन्यात खरं काय ते कळलं. एका रविवारी सकाळी माझा घसा बसला होता. गाडीत बसल्यावर मी खुणेनेच सांगितलं, आज नाही. काकांनी स्टार्ट केलेली गाडी बंद केली. मग शांतपणे सांगितलं की त्यांना काचबिंदू आहे. उशिरा लक्षात आला. थेंब चालू आहेत, पण गेलेलं परत येत नाही. समोरचं स्वच्छ दिसतं, बाजूचं कमी होत चाललंय, नाटकाचे पडदे दोन्हीकडून हळूहळू मध्ये सरकतात तसं. गाडी चालवायची थोडी वर्षं उरलीत, फार नाही.

मी बसलेल्या घशानेच विचारलं, मग गाडी कशाला घेतली?

"म्हणून तर घेतली," काका म्हणाले. "जन्मभर आजूबाजूला बघत जगलो रे. हा काय म्हणेल, ती काय म्हणेल. आता बाजूचंच जाणार म्हटल्यावर विचार केला, समोर बघण्यासारखं काहीतरी घेऊ." स्पोर्ट्स कारच घेणार होते, कॉलेजपासूनचं वेड. पण दोन सीटची गाडी आणली असती तर बायकोला काय सांगितलं असतं, तू डिकीत बस? म्हणून ही. पुढून त्यांची हौस, मागे काकूंचे तांदूळ, पापडाचे डबे, बालवाडीच्या गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे हत्ती.

मग त्यांनी नियम सांगितले. ते विम्याचे माणूस, नियम आधीच करून ठेवलेले. फक्त सकाळी. बाजारातून नाही. पावसात नाही. कॉमेंट्री नसेल तर गाडी नाही. आणि शेवटचा: ज्या दिवशी आपल्यामुळे कुणाचा जीव धोक्यात येईल, त्या दिवशी बंद. मी विचारलं, काकूंना माहितीये? थेंब म्हणजे डोळे कोरडे पडतात म्हणून, असं त्यांना सांगितलं होतं. "तिला सांगितलं तर त्याच मिनिटाला चावी काढून घेईल," काका म्हणाले. "आणि तिचंच बरोबर असेल. म्हणून सांगत नाही."

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? त्या घरात मी भाड्याने राहणारा पोरगा. पण काकांचे बाजूचे डोळे आता मीच, हे लक्षात आलं आणि माझी झोपच उडाली. तोपर्यंत मी नक्कल करताना फक्त आवाजाकडे लक्ष द्यायचो. आता मला नीट बघावं लागलं. आरशात बाइक दिसली, ती आपल्याला ओलांडणार का मागे राहणार? फुटपाथवरची बाई रस्त्यावर पाय टाकणार का विचार बदलणार? चेहरा बघायचा, खांदा बघायचा, त्याच्या मनातलं ओळखायचं आणि त्याच्या आधी बोलायचं. स्टुडिओत एक दिवस दिग्दर्शक म्हणाला, तुझं बदक आता विचार करून बोलतं. मला त्या वर्षी पहिल्यांदा माणसाचा रोल मिळाला. पेढे मी काकांच्या हातावर ठेवले.

त्याच सुमारास काकांनी आणखी एक उद्योग काढला होता. मला गाडी शिकवायची. मी म्हणायचो, काका, तुमची लांबडी आणि माझे हात, वाट लागेल. काका ऐकायचे नाहीत. स्पीडब्रेकर हा त्यांचा खास धडा. गाडी इतकी खाली, की सरळ गेलात तर पोट घासतं. म्हणून तिरकं जायचं, आधी एक चाक, मग दुसरं, म्हातारीला जिना उतरवतात तसं. मागचे हॉर्न वाजवून जीव काढायचे. काका म्हणायचे, वाजवू देत, त्यांचं पोट घासत नाहीये. काकू बरोबर असल्या की काका हमखास चावी माझ्याकडे द्यायचे, पोराची प्रॅक्टिस होऊ दे म्हणायचे आणि स्वतः मागे बसायचे. काकू म्हणायच्या, एवढी हौसेने घेतली आणि चालवायला दुसऱ्याला देता. काका खिडकीबाहेर बघायचे.

त्याच प्रॅक्टिसवर मी आईला आणलं. आई घरामागच्या पायऱ्यांवरून पडली, पाय मोडला. राजापूरला प्लास्टर घातलं, पण ऑपरेशन मुंबईला करा म्हणाले. पाय सरळ ठेवून एवढा प्रवास कसा करायचा? मी गावाहून फोनवर हे काकांना रडत रडत सांगितलं, कुणाचाच आवाज न काढता, माझ्या स्वतःच्या आवाजात. ते दुसऱ्या दिवशी जावयाला घेऊन गाडीसकट दारात. म्हणजे दारात नाही, खाली रस्त्यावर. आमच्या घराचा चढ लाल मातीचा, आणि आदल्याच दिवशी सर पडून गेलेली. रिक्षावाला पण तिथे हात जोडतो. काका जावयाला म्हणाले, तू उतर, हा चढवेल. आणि माझ्या शेजारी बसले. मी पाय दाबणार तेवढ्यात म्हणाले, "घाई नको. ब्रेकही नको. चौघांचं चौघांना ठरवू दे." एक चाक घसरलं, गाडी जरा थरथरली, आणि मग काहीच झालं नसल्यासारखी वर आली. काकूंनी पाठवलेली गादी मागच्या सीट पाडून पसरली होती. आई त्यावर लांब झोपून मुंबईपर्यंत आली. पनवेलला जागी झाली आणि म्हणाली, माझ्या लग्नातसुद्धा मला एवढं कुणी जपून आणलं नव्हतं. ती आता काठी न घेता चालते. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबापण चालतात, तो मात्र गाडीचा गुण नाही.

आणि मग तो रविवार. नाहूरच्या पुलाखालून आम्ही सर्व्हिस रोडला लागत होतो. रस्ता तसा मोकळा. आदल्या दिवशी काकूंनी सेक्रेटरीला जिन्यात उभं करून समजावलं होतं, आणि मी त्या प्रसंगाचा प्रयोग करत होतो. काकूंचा आवाज, सेक्रेटरीचा घोगरा आवाज, मध्येच लिफ्टचा दरवाजा. काकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. हसत हसत त्यांनी डावीकडे वळण घेतलं. डावीकडे एका बाईची स्कूटर होती.

आवाज झाला तो तिच्या ब्रेकचा. गाडीला लागलं नाही, तिलाही लागलं नाही. पण स्कूटर आडवी झाली, मेथीच्या जुड्या रस्त्यावर, आणि मागे तिची शाळकरी मुलगी, हेल्मेट घातलेली, उभी राहून आमच्याकडे बघत होती. बाई उठली आणि सरळ काकांच्या खिडकीशी आली. "काय हो काका, आरसा कशाला लावलाय? भांग पाडायला?"

मी मध्ये पडणार होतो. काहीतरी सुचलंही होतं. काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली उतरले. तिला म्हणाले, "चूक माझी आहे. मला त्या बाजूचं दिसत नाही." बाईने आवाज खाली आणून विचारलं, "मग चालवता कशाला?"

काकांनी वाकून मेथीच्या जुड्या गोळा केल्या. बाजूला पडलेली एक त्यांना दिसली नाही, ती मुलीने उचलून दिली. मग ते गाडीला हात लावत, बॉनेटवरून हात फिरवत, पुढून वळसा घालून माझ्या दरवाजाशी आले. चावी माझ्या हातात ठेवली. पुन्हा कधी घेतली नाही. इडली खायची का, मी विचारलं. "नको," काका म्हणाले. "घरी जाऊ. तिला सांगायचंय."

त्या गोष्टीला आता बराच काळ झाला. मी घाटकोपरला स्वतःच्या भाड्याच्या खोलीत राहतो, माणसांचे आवाज काढून पोट भरतो, आणि रविवारी मुलुंडला जाऊन लांबडी बाहेर काढतो. काका शेजारी बसतात. नव्या थेंबांनी पडदे आहेत तिथे थांबलेत, डॉक्टर म्हणतात एवढं टिकलं तरी खूप. मला गाडी शिकवली म्हणून मी त्यांचे आभार मानले तर ते म्हणतात, स्वार्थ होता रे, माझा ड्रायव्हर तयार करत होतो. असेल. पण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या मनात काय चाललंय हे बघायला मला कुणी आणि कशासाठी लावलं, ते मला माहितीये. त्यांच्याइतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलेलं नाही.

राहिली त्या दिवशीची बोलणी. काकांनी घरी आल्या आल्या, बूटसुद्धा न काढता, सगळं सांगून टाकलं. काचबिंदू, थेंब, नियम, स्कूटर. काकूंनी ऐकून घेतलं. आम्हाला दोघांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मला वाटलं आता गाडीवरून सुरू होणार. गाडीचं नावच नाही.

"दोन वर्षं," त्या काकांना म्हणाल्या, "मी जेवायला तुमच्या डाव्या हाताला बसते. पोळी पुढे करते, तुम्ही घेत नाही. चहा ठेवते, तो गार होतो. नवी साडी नेसून शेजारी येऊन बसले तर मान वळत नाही. मला वाटलं, झालं, ह्यांना कंटाळा आला आपला. रिटायर झालेल्या माणसाचं होतं असं, म्हणून मी मनाची समजूत घालत बसले. आणि तुम्हाला दिसत नव्हतं. हे मला सांगायला तुम्हाला जड जात होतं?"

काका मान खाली घालून बसले. मग त्यांनी मान उचलली, पूर्ण वळवली, आणि त्या उभ्या होत्या तिथे बघितलं. काकूंनी पदराने नाक पुसलं. मला वाटलं सुटलो. तर त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तू रे. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत रिक्षा सांगितलीस, डंपर सांगितलास, पांढऱ्या शर्टातला माणूस सांगितलास. तुमच्या डावीकडे तुमची बायको बसलीय, जरा बघा तिच्याकडे, एवढं एक वाक्य कुठल्याच आवाजात आलं नाही तुला?"